अक्कांनी पुन्हा पुन्हा खेळून पाहिलेली फायनल

वैशालीचा फोन आला तेव्हा मी जळगावला, कॉलेजच्या कोर्टवर मुलींचा सराव घेत होते. "अक्का गेल्या," ती म्हणाली. "झोपेतच." मी "बरं" म्हणाले. असं का म्हणाले, मलाच कळलं नाही. फोन खिशात टाकला, मुलींना कोर्टच्या आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि त्या संपल्यावर मग पायरीवर बसले... धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं की अडीच महिन्यांत मी अक्कांना एकदाही फोन केला नव्हता.

अक्का धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. मी आठवीत असताना माझी उंची बघून त्या आमच्या घरी आल्या. वडील बास्केटबॉलचं नाव काढू देईनात. मुलीची जात, अर्ध्या चड्डीत मैदानावर, संध्याकाळची... अक्कांनी वाद घातला नाही. "रोज दीड तास द्या. घरी आणून सोडायची जबाबदारी माझी," एवढंच म्हणाल्या. पुढे तीन वर्षं त्या मला रोज दारापर्यंत सोडायला आल्या. वाटेत एक हात माझ्या खांद्यावर आणि तोंडाने त्या दिवशीच्या चुका. मी आज जी काही आहे, कॉलेजची क्रीडा शिक्षिका, मुलींच्या संघाची कोच, ती त्या वाटेवर झाले.

निवृत्तीनंतर त्यांचे दोन्ही गुडघे गेले. मैदानावर उभं राहणं संपलं. त्या भावाकडे राहत. भावाच्या मुलीने, वैशालीने, त्यांना कॉम्प्युटरवर बास्केटबॉलचा एक खेळ टाकून दिला. त्यात आपण खेळाडू नसतो, कोच असतो. "चेंडू आपल्या हातात येतच नाही गं," दिवाळीत गेले तेव्हा अक्का मला सांगत होत्या. "आपण फक्त ठरवायचं." कुणाला उतरवायचं, वेगात खेळायचं की चेंडू धरून, समोरच्या एकेकीला एकेकीने अडवायचं की आपापली जागा राखायची, कुणाला कधी बसवायचं. मग बटण दाबलं की पडद्यावर सामना आपोआप होतो. अक्का एकच सामना वीस-वीस वेळा लावायच्या. मग फक्त एक गोष्ट बदलायची, पुन्हा तितक्याच वेळा लावायचा आणि निकाल वहीत लिहायचा. एकदा जिंकलं म्हणजे नशीब असू शकतं, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी माझ्याकडे माझ्या संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ मागितले. ते बघून त्यांनी खेळात माझा अख्खा संघ तयार केला. प्रत्येकीची उंची, वेग, नेम, दम, सगळ्याला आकडे दिले. मी मनातल्या मनात हसत होते. म्हातारपणी विरंगुळा झाला, चांगलं आहे, असं वाटायचं. विद्यापीठाच्या फायनलच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. माझी पद्धत त्यांना माहीत होती. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे समोरच्या संघाला चेंडू पुढे आणूच द्यायचा नाही. "तिसऱ्या क्वार्टरला प्रेस सोड," अक्का म्हणाल्या. "पोरींना मागे घे, आणि गायत्रीला पाच मिनिटं बसव. तोवर तिना बठ्ठा दम सरी जास." त्या भरात आल्या की अहिराणीत शिरायच्या; तोवर तिचा सगळा दम संपतो, असं त्यांना म्हणायचं होतं. मी "बघते" म्हणाले. बघितलं काहीच नाही.

आम्ही हरलो. चौथ्या क्वार्टरमध्ये गायत्रीचे चेंडू रिंगपर्यंत पोचेनात. एकदा तर ती गुडघ्यांवर हात टेकून कोर्टच्या मध्ये उभीच राहिली आणि समोरची तिच्या बाजूने निघून गेली. संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "गायत्रीला बसवलं होतं का?" त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या. पण मला ते लागलं. मी म्हणाले, "अक्का, तुमच्या कॉम्प्युटरमधल्या पोरींच्या पायात गोळे येत नाहीत. माझ्या पोरी खऱ्या आहेत."

 "तेही खरंच," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. पोरींच्या पायातल्या गोळ्यांचा विचार आम्हा दोघींत फक्त त्यांनीच केला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. उद्या करू फोन, परवा करू, असं चाललं... मग ओशाळल्यासारखं झालं आणि फोन राहूनच गेला.

दिवसकार्य झाल्यावर वैशालीने मला अक्कांच्या खोलीत नेलं. वही माझ्यासमोर ठेवली. आमचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अक्का तीच फायनल पुन्हा खेळत होत्या. मला वाटलं, स्वतःचं म्हणणं सिद्ध करत असतील. पानं उलटली तर वरती लिहिलेलं, "सुनंदाचा डाव." सुनंदा म्हणजे मी. माझाच प्रेस, शेवटपर्यंत. तो न सोडता जिंकता येईल का, हे त्या शोधत होत्या. आज हिला दोन मिनिटं बसव, उद्या तिला आधी उतरव. हरलो, हरलो, जिंकलो, हरलो. पानामागून पानं. शेवटच्या पानावर त्यांचं ते ठसठशीत अक्षर: "जमतं. सुनंदाचं चूक नव्हतं. गायत्रीला दोनदा थोडं थोडं बसवायला हवं. ती फोन करेल तेव्हा सांगणे."

वैशाली म्हणाली, "मी म्हटलं होतं, तुम्हीच लावा ना फोन. तर म्हणाल्या, रागात आहे, तिला वेळ दे."

सराव सुरू झाल्यावर मी मुलींना हे सगळं सांगितलं. माझं फोनवरचं वाक्यही लपवलं नाही.  गायत्रीने विचारलं, "मॅडम, त्या मला ओळखत होत्या?"

"हो."

"मग आपण कधी गेलो का नाही त्यांच्याकडे?"

जळगाव ते धुळे अंतर ते किती. 

गेल्या रविवारी सगळ्यांना घेऊन गेले. एवढ्याशा खोलीत बारा जणी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. वैशालीने कॉम्प्युटर लावला. पडद्यावर एकेकीचं नाव आणि पुढे आकडे आले. मुली आपापलं नाव शोधून हळू आवाजात वाचत होत्या. गायत्री अक्कांच्या खुर्चीत बसली. आपल्या नावापुढचा दमाचा आकडा तिने बराच वेळ पाहिला. बाकी सगळ्यांपेक्षा तो कमी होता. मला वाटलं, पोरगी दुखावणार.

"बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "लहानपणापासून दम लागतो मला. मी कुणाला सांगितलं नव्हतं."