मिठाच्या बर्फातला नमुना

भिलाईच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. भट्टीतून पोलादाचा नमुना यायचा, आम्ही तो तपासून कार्बन किती, गंधक किती ते फोनवर सांगायचो, आणि तोवर अख्खी भट्टी आमच्यासाठी खोळंबून असायची. वीस वर्षं असा मान मिळाला की माणसाचं डोकं फिरतं. न तपासता काहीही करणारे सगळे गाढव, अशी माझी पक्की समजूत होती. घरी दूधसुद्धा मी तपासून घ्यायचो. बायको म्हणायची, "तुमचं तपासणं होतवर नासून जाईन ते."

ऐंशीच्या दशकात तिच्या अंडाशयात कर्करोगाची गाठ निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी ऑपरेशन, मग सलाइनमधून औषधं. मी विचारलं, "कोणतं औषध लागू पडेल, हे आधी कसं कळणार?"

"देऊन बघायचं," त्या म्हणाल्या.

देऊन बघायचं! मी उसळलोच. माझा पारा पाहून त्यांनी सांगितलं, की मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नवीन काम चाललंय. गाठीच्या जिवंत पेशी बशांमध्ये वाढवतात, प्रत्येक बशीत वेगळं औषध घालतात, आणि पेशी कशाने मरतात ते पाहतात. त्याचा अजून पूर्ण भरवसा देता येत नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मला ते दोन्ही वेळा ऐकू आलं नाही.

ऑपरेशननंतर त्यांनी गाठीचा तुकडा एका बाटलीत भरून माझ्या हातात दिला. "थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत."

आता मला कोण शिकवणार? भट्टीचा नमुना आम्ही पाण्यात बुडवून झटक्यात गार करायचो. नमुना जिथल्या तिथे थांबला पाहिजे, हा आमचा धर्म. थंड चांगलं, तर जास्त थंड आणखी चांगलं. मुंबईची गाडी पकडताना दुर्ग स्टेशनवर मी बाटलीभोवतीच्या थर्मासमधल्या बर्फात दोन मुठी मीठ टाकलं, कुल्फीवाला टाकतो तसं. डब्यातल्या लोकांना गोंदिया येईपर्यंत त्यामागचं शास्त्रही समजावलं. नागपूरला बर्फ बदलला आणि पुन्हा मीठ टाकलं. भुसावळला झाकण उघडलं, तर बाटलीत तुकड्याचा दगड झालेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या फलाटावर मीच होतो. मग बिनमिठाचा बर्फ भरला. मुंबई येईपर्यंत सगळं वितळून पहिल्यासारखं दिसायला लागलं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "वाटेत गोठलं नव्हतं ना?"

"छे! मी स्वतः लॅबवाला आहे."

हे वाक्य मी कोणत्या तोंडाने बोललो, ते मला आजही कळत नाही. तिकडे बायकोचा जीव पणाला लागला होता आणि इकडे मी माझी अब्रू वाचवत होतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पहिली ओळ अशी, की कोणत्याच बशीत एकही पेशी वाढली नाही. मी दारातच उडी मारली. सगळीच औषधं लागू पडतात! पुढचं वाचायला वेळ कोणाला? क्वार्टरच्या पूर्ण लाइनीत पेढे वाटले, स्कूटर काढून वैशाली नगरपर्यंत देऊन आलो. बायकोनेही अर्धा पेढा खाल्ला. तिला तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं, तरी खाल्ला.

डॉक्टरीणबाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. "औषध न घातलेल्या बशीतल्या पेशीही मेलेल्याच आहेत. नमुना मेलेलाच पोचला."

तुलनेचा नमुना लावल्याशिवाय मी वीस वर्षांत एका रिपोर्टवर सही केली नव्हती. दुसरा तुकडा हवा तर तिचं पोट पुन्हा उघडावं लागलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्यांना देतो तीच औषधं सुरू करू.

घरी आलो तेव्हा ती दही लावत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मीठ, भुसावळ आणि ते खोटंसुद्धा. ती बराच वेळ दुधात बोट घालून कोमट झालं का पाहत राहिली.

"मले विचारलं असतं तं सांगतलं असतं," ती म्हणाली. "जित्या विरजणाले बर्फात मीठ टाकून ठेवते का कोणी?"

"चुकलो," मी म्हणालो. तिच्यासमोर हा शब्द मी बहुतेक पहिल्यांदाच उच्चारला.

"आता कोणतं औषध देतीन?"

"नेहमीचंच. देऊन बघायचं."

"मंग देऊ द्या. लागू पडते का नाही, ते मीच सांगीन."

औषधं सुरू झाली. तिचे केस गेले, उलट्यांनी ती अर्धी झाली. गोंदियाला रेल्वेत असलेला तिचा भाऊ भेटायला आला. खुर्चीवर टेकताच त्याने मला विचारलं, "भाऊजी, मुंबईच्या त्या टेस्टचं काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत ती पलंगावरून बोलली. "माह्याच गाठीत दम नव्हता रे. वाटेतच मेली."

भाऊ हसला. मीही हसलो.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. जो विचारील त्याला तिने हेच सांगितलं, आणि मी एकदाही तिला खोटं ठरवलं नाही.