ठेचलेला लसूण

आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून आधीच माफी मागतो.

मेसच्या मावशी लसूण ठेचत होत्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती चिरडली की आत वेगवेगळे असलेले दोन पदार्थ भेटतात आणि गंधकाचं उग्र ॲलिसिन तयार होतं. रक्तदाबाला त्याचा थोडा उपयोग होतो म्हणतात, पण खात्री नाही. वडिलांना फोनवर सांगताना हे शेवटचं मी गाळलं, कारण पहिल्यांदाच ते माझं मन लावून ऐकत होते.

ते घरातल्यांना ऐकवत म्हणाले, “मग बीपीच्या गोळ्या कशाला गिळायच्या? आपला लेक सायन्सला हाय!”

मी नुसता हसलो. शिकलेल्या मुलाचं गप्प राहणंही घरी होकार समजतात.

महिन्याभराने मावशी पुन्हा लसूण ठेचत होत्या, तेवढ्यात ताईचा फोन आला. वडिलांचं उजवं अंग लुळं पडलंय.