बाहुलीच्या बांगड्या

दुपारी माझी पाच वर्षांची लेक, ओजू, बाहुलीच्या हाताला साबण लावत बसली होती. मनगटावरचे रबरबँड तिने एकेक करून अलगद उतरवले आणि रुमालात बांधून ठेवले. "ऑपरेशनला बांगड्या चालत नाहीत," ती बाहुलीला समजावत होती.

सकाळी मोरीत साबण लावून मीही माझ्या काचेच्या बांगड्या अशाच उतरवल्या होत्या. उद्या माझं ऑपरेशन. ओजूला मात्र आम्ही सांगितलं होतं, आई चार दिवस मावशीकडे जाणार आहे.

मुलांच्या खेळाला आपण खोटं खोटं म्हणतो. पण या घरात खोटं बोललो होतो ते आम्ही. खरं काय ते ती एकटी खेळत होती. अंगावर येणारी भीती मुलं बहुधा अशीच बाहुलीएवढी करून मांडीवर घेतात, उलटसुलट करून बघतात, म्हणून तर मोठी होतात. माझी भीती मात्र कुठल्याच मांडीवर मावत नव्हती.

"आई, आता तू पेशंट हो."

मी चटईवर आडवी झाले. तिने माझी ओढणी माझ्या गळ्यापर्यंत पांघरली आणि डोळे मिटायला सांगितलं. मिटले, तर हातपाय खरोखरच गार पडले.

"ओजू, पेशंट घाबरलीय गं."

मग साबणाचा ओला हात माझ्या कपाळावर आला.

"घाबरू नकोस. मी दाराबाहेरच बसणार आहे," ती म्हणाली. "फक्त मला मावशीकडे जाते म्हणून सांगू नकोस."