सत्तेचाळिसाव्या पानावरची मंडळी

विठा चामटोलीची. शाळा सातवीपर्यंत, म्हणजे माझ्याइतकीच, म्हणून आमचं पहिल्यापासून जमलं. बदलापूरच्या आमच्या वाचनालयात ती झाडलोटीला आली, मग पुस्तकांना खाकी कव्हरं घालू लागली, आणि कव्हर घालता घालता आतलं वाचू लागली. आज वीस वर्षं रहस्यकथांच्या तीन कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला आहेत. तळघरात जमणारे बुरखेधारी, भिंतीवर कोरलेली सांकेतिक लिपी, शपथ मोडणाऱ्याचा खून, असलं सगळं त्या कपाटांत. खुनी कोण, हे तिनं आजवर एकालाही सांगितलेलं नाही. मी एका दिवाळीला करंज्या नेऊन पाहिल्या. करंज्या घेतल्या, नाव नाही सांगितलं.

यंदा गुरुदत्त साहेब चिटणीस झाले. अंबरनाथच्या कारखान्यातले निवृत्त ऑफिसर. माणूस सरळ, पण रजिस्टरावर फार भरवसा. त्यांना दिसलं की या कपाटांतून महिन्याला जेमतेम आठ-दहा पुस्तकं बाहेर जातात. झालं. कपाटं रिकामी करायची, तिथं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायची असं ठरलं, आणि उल्हासनगरच्या मुकेश रद्दीवाल्याला शनिवारी टेम्पो आणायला सांगितलं.

रजिस्टरात नावं कमी का, तर कारखान्यातला एकजण पुस्तक नेतो, ते डब्याच्या सुट्टीत अख्ख्या खात्यात फिरतं आणि मग परत येतं. नाव एकाचं, वाचणारे बारा.

पुस्तकं बांधण्याआधी साहेबांनी ती चाळली. प्रत्येकात सत्तेचाळिसाव्या पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. कुठं मासा, कुठं हातोडा, नांगर, चंद्रकोर. दोन दुपारी वही घेऊन त्यांनी त्या उतरवून काढल्या. चंद्रकोर सगळ्यात जास्त, तेव्हा तो टोळीचा म्होरक्या, इथपर्यंत ते पोचले.

शनिवारी सकाळी टेम्पो दारात. आम्ही पंधराएक जण जमलो होतो, विठानंच निरोप धाडले होते. साहेबांनी वही उघडून सांगितलं की पुस्तकं विद्रूप झालीत, वर कुणाचे तरी चोरटे निरोप चाललेत, अशी पुस्तकं गेलेलीच बरी. मग त्यांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

विठा कपाटाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "किल्ल्या मिळणार नाहीत, साहेब. आधी वाचणारे मोजा."

मग तिनं समजावलं. कव्हरं सगळी सारखी, गोष्टीही बहिणी-बहिणी. दहा पानं वाचून झाल्यावर कळायचं की हे आपण वाचलंय. म्हणून ज्यानं त्यानं आपली खूण ठरवली. पहिल्या पानावर केली तर चिटणीस ओरडतो, शेवटचं पान उघडलं तर खुनी कळतो, म्हणून मधलं सत्तेचाळिसावं पान.

"नांगर माझा," मी म्हटलं. मासा दिनानाथचा निघाला, हातोडा नवसूचा. एकेक जण पुढे येऊन बोट ठेवत गेला. एका जुन्या पुस्तकात तर एकतीस खुणा, आणि त्यातली चार माणसं आता हयात नाहीत. ते विठानं सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला. पण माघार घेईनात.

"मग ही चंद्रकोर कुणाची? एकशे बारा पुस्तकांत आहे."

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे पंख्याकडे बघत राहिलो.

"ते मी सांगायची नाही," विठा म्हणाली. "नोकरी गेली तरी नाही."

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून उमावहिनी उठल्या. साहेबांच्या सौभाग्यवती. पिशवीतून खाकी कव्हरातलं पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"अहो, चंद्रकोर माझी. शेजारच्या भारतीच्या नावावर आणते मी. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, आमची ही दुपारी पोथी वाचते?"

साहेबांनी वही मिटली. मुकेशला बाहेर सांगायला गेले की टेम्पो परत ने, तर तो फुटपाथवर बसून नमुना म्हणून दिलेलं पुस्तक वाचत होता. म्हणाला, थोडं थांबा, तळघराचं दार उघडतंय.

कपाटं जागच्या जागी आहेत. वर विठाच्या अक्षरात नवी पाटी लागली आहे: खूण सत्तेचाळिसाव्या पानावरच करावी. पेन वापरणाऱ्यास पुस्तक मिळणार नाही, मग तो चिटणीस असला तरी.