लोकाग्रहास्तव पुन्हा

आमच्या गावच्या एकपडदा थिएटरबाहेर फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'लोकाग्रहास्तव पुन्हा'. आत त्या लोकांपैकी मी एकटीच होते. तरी दारावरच्या काकांनी बॅटरी लावून मला माझ्याच नंबरच्या खुर्चीपर्यंत नेलं. "मागून गर्दी झाली की वाद नकोत," म्हणाले.

गर्दी झाली नाही. महिन्यापूर्वी हा मराठी सिनेमा आठवडाभरात उतरला, तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा संताप उसळला होता! 'इतकी सुंदर कलाकृती, आणि तिची ही दशा?' हे वाक्य माझंच. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. जिवंतपणी माणसाची चौकशी करायची नाही आणि तेराव्याला मात्र गळा काढायचा, ही आपली जुनी रीत. सिनेमालाही आपण तीच लावली. थिएटरच्या मालकांनी बिचाऱ्यांनी आमचा आग्रह खरा मानला.

मध्यंतरात काका माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि शेजारच्या खुर्चीवर टेकले.

"मॅडम, तुम्ही लिहिलंत म्हणून परत लागला म्हणे. एक विचारू? त्या म्हातारीला शेवटी तिचा मुलगा भेटतो का हो? शेवट आला की मला फाटक उघडायला पळावं लागतं. आठवडाभर रोज तेवढंच बघायचं राहिलं."

मी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत चहाचा घोट घेतला. तो सिनेमा मीही आज पहिल्यांदाच पाहत होते.

"सांगितलं की मजा जाते, काका," मी म्हटलं.