वाघोबापुढचे दगड

कल्याणहून मलंगगडाच्या वाटेने धाकू, त्याची बायको आणि मी चालत होतो. धाकू म्हणजे जनावराचा माग काढणारा माणूस. सरकारने रान बंद केल्यापासून रिकामा होता. आफ्रिकेत साहेबांच्या शिकारीला माणसं नेणारे दोन मुकादम त्याला बोलावत होते. पाड्यावरच्या शाळेची बाई म्हणून दोघांचे करारनामे मीच वाचून दाखवले होते. दोन्हींत परत आणण्याचं वचन होतं.

“कागद गोडच बोलतो, बाई,” त्याची बायको मालन वाटेत म्हणाली. “वाघोबाकडे बघू.”

त्यांच्या पाड्यावर लांबच्या शिकारीला जाणारा रानातल्या वाघोबा देवापुढे आपल्या मुकादमाच्या ओळीत दगड ठेवतो आणि परतल्यावर स्वतःच उचलतो.

आम्ही वाघोबापाशी पोचलो. दोघांपैकी दादू मुकादमाबरोबर तीन वर्षांपूर्वी सातजण गेले होते. सातही दगड तिथेच होते, शेवाळलेले. त्याच साली दुसऱ्या मुकादमाने, कासमभाईने, नऊ नेले होते. त्यांच्या ओळीत एकच दगड उरला होता.

मालनने त्या दगडाकडे बोट दाखवलं.

“एक तरी तिकडेच राहिला ना! जाऊ नका,” ती धाकूला म्हणाली.

“अगं, सातांपेक्षा एक बरा,” म्हणत धाकूने त्या एकट्या दगडाशेजारी आपला ठेवला. मग माझ्याकडे वळला.

“बाई, मी नाही आलो, तर हिला हा दगड उचलू देऊ नका. पुढच्या माणसाला दिसला पाहिजे.”