काखेतली गाठ

परवा नातवाला लस टोचताना स्पिरिटच्या बोळ्याचा उग्र वास आला आणि करमाडच्या शिवारातली प्लेगची छावणी आठवली. निजामाचं राज्य होतं. गाव सोडून माणसं झोपड्यांत राहायला आलेली, आणि आम्ही दवाखान्याचे तिघं, थोरल्या नर्सबाई, कंपाउंडरसाहेब अन् मी, त्यांना लस टोचत होतो. प्लेगची गाठही काखेतच यायची, म्हणून कुणाची काख सुजली की ते घाबरून यायचे, अन् मी प्रत्येकाला सांगायची, "सुईची सूज हाय, चार दिवसांत उतरंल." मग आम्हीही टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी चोळी घालताना माझ्याच काखेत बोराएवढी गाठ हाताला लागली. लोकांना सांगितलेलं सगळं क्षणात विसरले! कुणाला काही न बोलता मी माझं जेवणाचं ताट तेवढं वेगळं केलं. थोरल्या नर्सबाईंना आम्ही आपा म्हणायचो. त्यांनी ते बरोबर हेरलं. "ताट काहून हटवलंस? हात वर कर." कपाळाला हात लावून त्यांनी ताप पाहिला, काख चाचपली. "टोचलं कोणत्या हाताला?" "डाव्या." "अन् गाठ बी डावीकडंच! पगली, ये देख," म्हणत त्यांनी स्वतःचा हात वर केला. त्यांनाही तशीच गाठ होती. "भीतीनं मी बी कुणाला बोलले नाय." तेवढ्यात पडद्यापलीकडून कंपाउंडरसाहेबांचा बारीक आवाज आला, "बाई, ती सूज किती दिवसांत उतरती म्हणता?" आम्ही दोघी हसत सुटलो. त्या दुपारी तिघांची ताटं पुन्हा एकत्र मांडली. परवा रात्री जेवायला बसताना नातू काख धरून रडायला लागला, तेव्हा मी त्याला जवळ घेतलं आणि आधी माझं ताट त्याच्या ताटाला लावलं.